गजू, तुझ्या सरपंचाचं घर

गजू, तुला शेवटचं बघायला आलेल्या माणसांनी चपला काढल्या, ओटीवर पाय ठेवला आणि आधी माशांच्या टाकीकडे बघितलं. मी तिथेच होते, मला सगळं दिसत होतं. तू खाली सतरंजीवर, आणि वर काचेतून तुझा सरपंच कल्ले फुगवून प्रत्येकाकडे बघतोय, कोण तू, कुणाचा, कशाला आलास. बायकांनी रडायला सुरुवात केली तसा तो मागे सरकला आणि कोपऱ्यात आडवा पडला. त्याची ती खोड तुलाच ठाऊक, रुसला की मेल्याचं सोंग घेतो. त्या दिवशी मात्र मी मनात म्हटलं, ऊठ रे बाबा, एक गेला तेवढं पुरे झालं.

मुरबाडच्या स्टँडवर जीप भरायची वाट बघत तू स्टिअरिंगवर डोकं टेकलंस आणि ते उचललंच नाहीस. मागे बसलेल्या माणसांना वाटलं, ड्रायव्हरला डुलकी लागली. कल्याणला जायची घाई असलेल्या माणसांनीही तुला थोडा वेळ झोपू दिलं. हे ऐकलं तेव्हा मला रडू फुटलं. नंतर वाटलं, एवढी माया लोक उगाच करत नाहीत. तू ती कमावली होतीस.

पण दिवसकार्य व्हायच्या आतच प्रश्न सुरू झाला. जो येईल तो चहाचा कप हातात घेऊन विचारायचा, आता या माशांचं काय? लग्न केलं नाहीस, मागे बायको नाही, पोर नाही, म्हणून लोकांची सगळी काळजी टाकीवर आली. "मासेच त्याची पोरं," असंही कुणी बोललं. मला ते आवडलं नाही. पोर म्हणायचं तर तुझा पुतण्या, आमचा सचिन, ज्याला तू खांद्यावरून शाळेत नेलंस. मासे ही तुझी मेहनत होती. दोन्ही वेगळं.

मला तो पहिला दिवस आठवतो. कल्याणहून येताना पुढच्या सीटवर तू आणि क्लिनर साइडला एक फुगलेली प्लास्टिकची पिशवी, तिच्यात अंगठ्याएवढी दोन पिल्लं. मागे माणसं कोंबलेली. भाजीची टोपली घेतलेली एक बाई तुला म्हणाली होती, "माशांना शीट आन आमाला नाय? काय रे ही तुजी रीत?" तर तू तिला म्हणालास, "मावशे, तुला लटकता येतं. त्यांना नाय येत." आणि मग त्या बाईने पिशवी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसून प्रवास केला. घरी येऊन हे सांगताना तू इतका हसत होतास की पिशवी सोडायची राहून गेली, आणि मीच ओरडले, "आरं, त्यांचा जीव जाईल!" म्हणजे बघ, पहिली काळजी मीच केली.

दुकानदाराने सांगितलं होतं, ऑस्कर जातीचे आहेत, छोट्या टाकीत छोटेच राहतात. तू विश्वास ठेवलास. आणि मग ते दोघे असे वाढायला लागले की रोज सकाळी मला वाटायचं कुणीतरी बदलून ठेवले. काळ्या अंगावर केशरी शिंतोडे, होळी खेळून आल्यासारखे. एकाने मोठा होता होता सगळ्या टाकीचा ताबा घेतला. लावलेली झाडं उपटली, तळाचे खडे तोंडात धरून एका कोपऱ्यात नेले, मांडलेला दगड ढकलून काचेला लावला, आणि दुसऱ्याला खायला आपल्यानंतर. तू त्याचं नाव सरपंच ठेवलंस. दुसरी मादी निघाली, ती उपसरपंच. गावच्या सरपंचाला हे कळल्यावर तो रागावेल म्हणून तुझा दादा घाबरला होता. तर तो स्वतः बघायला आला आणि म्हणाला, "माज्यापेक्षा याचा वट जास्त हाय."

तेव्हा तू एक गोष्ट बोललास, ती मी अजून लोकांना सांगते. म्हणालास, "वैनी, मासा टाकीएवढा नाय होत. टाकी माशाएवढी करावी लागते. नायतर तो आतल्या आत कुजतो." आणि केलीस. लहान टाकी गेली, मधली आली, मधली गेली, आणि मग ओटीची भिंतभर लांब ही टाकी आली. जाड काच आणलीस, जीपचं कॅरियर बनवणाऱ्याकडून टाकीखाली लोखंडी घोडा बनवून घेतलास, रंगाच्या रिकाम्या ड्रमात स्पंज आणि खडी भरून फिल्टर बसवलास. वीज गेली की जीपची बॅटरी घरात यायची आणि हवेचा पंप तिच्यावर चालायचा. पाहुणे अंधारात बसलेले आणि माशांना हवा सुरू! वर झाकण उडवून सरपंच बाहेर झेपावतो म्हणून झाकणावर वजन लागायचं, आणि ते वजन म्हणजे माझा वरवंटा. चटणी वाटायला बसले की पाटा समोर आणि वरवंटा टाकीवर. किती वेळा ओरडले असेन! तू दर वेळी नवा दगड आणायचं कबूल करायचास. नवा दगड आला नाही तो नाहीच.

लोकांना काय, पाण्यात मासा दिसला की त्याला काहीतरी टाकायचा हात शिवशिवतो. कुणी चपातीचा तुकडा, कुणी शेव, कुणी कोंबडीची आतडी. तू सगळ्यांना हसत हसत हात धरून थांबवायचास. दुकानातले माशांचे दाणे, सोललेली कोलंबी, वाफ्यातली गांडुळं, भातातले नाकतोडे, एवढाच त्यांचा ठरलेला आहार, आणि तोही पोट सुटेल इतका नाही. एकदाच तुझं लक्ष नव्हतं आणि शेजारच्या हिराकाकूने भाताच्या खाचरातले जिवंत बारके मासे हंडीत घालून आणले. सरपंचाला पाहुणचार! त्या खाचरात औषध फवारलेलं होतं, हे तिच्या लक्षातच आलं नाही. सरपंचाचा रंग उडाला, तळाशी गेला, आणि या वेळी ते सोंग नव्हतं. तू जीप स्टँडवर लावलीच नाहीस. विहिरीचं पाणी काढ, टाकीतलं उपस, नवं घाल, थांब, परत उपस. तुझे हात पाण्याने पांढरे पडले होते. तो वाचला. आणि मग तू मला काय सांगितलंस? "काकूला बोलू नको हां वैनी. बिचारीनं हौसेनं आणले व्हते." ती बाई आजही समजते की तिच्या पाहुणचाराने सरपंच मोठा झाला. समजू दे.

उन्हाळ्यात मात्र बायका मला टोमणे मारायच्या. विहीर तळाला गेलेली, हंड्याला रांग, आणि तुमच्याकडे म्हणे मासे पाण्यात खेळतात. मला लाज वाटायची. तुला सांगितलं तेव्हा तू भांडला नाहीस. टाकीतून उपसलेली प्रत्येक बादली माझ्या वांग्या-मिरचीच्या वाफ्यात जाऊ लागली. पाणी तेवढंच, पण आधी मासे आणि मग मिरच्या. त्या वर्षी मिरची अशी लागली की टोमणे मारणाऱ्याच कळश्या घेऊन दारात यायला लागल्या, "माशाचं पाणी हाय का गो?" मी म्हणायचे, रांगेत उभं राहा. तेव्हा माझी मान ताठ झाली ती अजून ताठच आहे.

आपलं खरं भांडण श्रावणातलं. गटारी झाली की माझ्या घरात मासळी-मटण येत नाही, आणि तू फ्रिजमध्ये कोलंबी ठेवलेली. मी ती उचलून अंगणात ठेवली. तू म्हणालास, त्यांना कुठे श्रावण असतो? मी म्हटलं, माझ्या घरात राहतात तर त्यांनाही असतो. मग तू गांडुळांवर आलास. मी म्हटलं, गांडूळ काय पालेभाजी आहे? तर तुझा वाद तयार, "गांडूळ सैपाकघरात येतच नाय. वाफ्यातून निघालं आन टाकीत गेलं. तुजा श्रावण मोडला कुठं?" तुझा दादा पेपर तोंडापुढे धरून हसत होता. शेवटी वाटाण्यांवर मांडवली झाली. मी ओटीवर बसून माणसांच्या बिरड्यासाठी वाल सोलायचे आणि तू माझ्या शेजारी बसून माशांसाठी उकडलेले वाटाणे सोलायचास. सरपंचाने पहिला वाटाणा तोंडात घेतला आणि तुझ्या तोंडावर थुंकला. दुसऱ्या आठवड्यात गुमान खायला लागला. त्याचं कधीपासून फुगलेलं पोट उतरलं, अंगावर चकाकी आली. तू मला हात जोडलेस, "वैनी, तू डाक्टर हायस." गांडूळ श्रावणात चालतं की नाही, हे मात्र आपलं ठरलंच नाही. तू वाफ्याकडे जाताना मी तोंड फिरवायचे, एवढंच.

आणि मग उपसरपंचाने पिल्लं वाढवली. पहिल्या वेळची अंडी दोघांनी मिळून खाल्ली, तेव्हा तू जेवला नव्हतास. पुढच्या वेळी मात्र कौलाच्या तुकड्यावर घातलेली अंडी दोघांनी राखली. आपल्या घरात मूठभर धुरळा पोहायला लागला. लोक मागायला आले. कुणीही असतं तर वाटून मोकळं झालं असतं. तू म्हणालास, "पोरगी द्यायची तर आदी घर बगत्यात ना? मंग?" मला वाटलं गंमत करतोस. पण तू खरोखर घरं बघायला निघालास, आणि घरातली मोठी बाई म्हणून मला बरोबर नेलंस! हातात टेप घेऊन लोकांच्या ओट्या मोजल्यास. टाकी ऊन पडेल अशी तर नाही, झाकण आहे का, पाणी कुठलं, गावाला गेलात तर खायला कोण घालेल. डोळखांबकडच्या एका पाड्यावर तर त्यांनी आपल्याला पाटावर बसवून पोहे दिले, आणि म्हातारी मला हळूच विचारते, "मुलगा काय करतो?" मी म्हटलं, मुलगा पोहतो. परत येताना जीपमध्ये हसून हसून माझ्या पोटात दुखलं. पण त्या पाड्यावर तू पिल्लं दिलीस, आणि मुरबाडात मोठ्या बंगल्यावर दिली नाहीस, कारण तिथे टाकी टीव्हीखाली शोभेला हवी होती. तेव्हा मी तुझ्याकडे बघत होते. सगळा तालुका हसला तरी तू मागे हटला नाहीस. गजू, मला तुझा अभिमान तेव्हा वाटला आणि मी तो बोलले नाही, कारण आपल्यात चिडवायची सवय होती, कौतुकाची नव्हती. आता बोलते. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तू दप्तर घेऊन फिरणारा दीर होतास, आणि बघता बघता माझ्या माहितीतला सगळ्यात शब्दाचा पक्का माणूस झालास.

आता राहिलेलं भांडण. गेलं वर्षभर तुझं एकच चाललं होतं की ही टाकीही सरपंचाला कमी पडते, वळताना शेपटी काचेला घासते. पडवीत सिमेंटचा हौद बांधायचा, पुढे जाड काच. पडवीत जागा एकच, जिथे माझी भाताची कणगी उभी आहे. सापगावला माझ्या बापाने माणूस बसवून विणून घेतलेली ती कणगी. दरवर्षी शेणाने सारवते मी तिला. तू म्हणायचास, "भात सरळ गिरणीत जातो. कणगी अर्धी रिकामी. आत दाण्यापेक्षा उंदीर जास्त." मी म्हणायचे, उंदीर काढीन, कणगी काढणार नाही. तू गेलास त्या आठवड्यापर्यंत आपलं हेच चालू होतं. मी बरोबरच होते, असं मला आजही वाटतं. कोरडी जागा घरात तेवढीच.

तू गेलास आणि सुतक आलं. चुलीवर फोडणी नाही, मासळीचा प्रश्नच नाही. तुझ्या माशांनी सुतक पाळलं, तेही वाटाण्यांवर. उपसरपंच माझ्या हातून खायची. सरपंच काचेपाशी यायचा, माझ्याकडे बघायचा, माझ्या मागे बघायचा, आणि परत जायचा. मला ठाऊक होतं, एवढ्या मोठ्या माशाने काही दिवस खाल्लं नाही तरी तो मरत नाही. तूच शिकवलंस. तरी माझ्या घशाखालीही घास उतरत नव्हता. एकदा तोंड फिरवून मी स्वतःच वाफ्यातून गांडूळ आणून टाकलं. बघ, सुतकात! ते त्याने खाल्लं.

दहाव्याला सचिनने पिंड ठेवला. मी मनात बोलणं जुळवून ठेवलं होतं. कावळा शिवला नाही की पुढे व्हायचं आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, गजू, तुझ्या माशांची काळजी करू नको, मी आहे. तर पिंड ठेवला आणि कावळा हजर! पहिलाच कावळा, सरळ आला आणि घास घेऊन गेला. लोक म्हणाले, समाधानी माणूस, काही मागं ठेवलं नाही. तू कधी कुणाला अडवलं नाहीस, जाताना तरी कसा अडवशील? पण माझं बोलणं तोंडातच राहिलं. आणि घरी येऊन तुझा दादा म्हणाला, "कावळा शिवला, त्याचा जीव कशात नाय. मासे नदीत सोडून देऊ."

मी उसळले. नदीत सोडायचे? तूच तर सांगितलं होतंस की ते परदेशी, हावरे, आपल्या नदीतल्या मळ्या, शिंगट्या, झिंगे खाऊन नदी रिकामी करतील. कुणी तुझ्यासमोर नदीचं नाव काढलं तर तू भर चौकात भांडायचास. तुझा दादा म्हणाला, "मंग तूच बग गो."

म्हणून मी बघितलं. शहापूरचं एक जोडपं, तुझ्याकडून पूर्वी पिल्लं नेलेलं, निरोप पाठवत होतं की मोठ्या जोडीला आम्ही सांभाळू. मी सचिनला घेतलं, तुझी टेप घेतली आणि घर बघायला गेले. गजू, खोट काढायची ठरवून गेले होते मी. निघाली नाही. टाकी आपल्यापेक्षा लांब, सावलीत, झाकणाला कडी. तू दिलेली पिल्लं तळहाताएवढी झालेली, डोळे स्वच्छ. गावाला गेलो तर शेजारची सून घालते म्हणाले, आणि ती सून हाक मारल्याबरोबर येऊन उभी राहिली. पोहे पण चांगले होते. मी निघताना म्हटलं, कळवते. उंबरठा ओलांडताना डोळे भरून आले, कारण हे स्थळ तू हसत हसत पसंत केलं असतंस.

घरी आले आणि तुझ्या दादाला सांगितलं, घर चांगलं आहे, जागा भरपूर आहे, देऊन टाकू. आपल्याकडे ते अवघडून राहतायत हे गजूच म्हणत होता. एवढं बोलून मी आत निघाले. तर तो माणूस, ज्याने इतकी वर्षं माशांवरून चकार शब्द काढला नाही, ज्याने पेपरमागून नुसतं हसायचं काम केलं, तो उठून पडवीत गेला. कणगीपाशी उभा राहिला. आणि म्हणाला, "नाय द्यायचे. हौद बांधू हितं."

मी म्हटलं, आणि कणगी?

तर म्हणतो, "भात सरळ गिरणीत जातो. अर्धी रिकामीच हाय ती. आत दाण्यापेक्षा उंदीर जास्त."

गजू, शब्दाला शब्द! तुझंच बोलणं, तुझाच हेका, हातवारे पण तुझे. मी सवयीने पदर खोचला आणि म्हटलं, उंदीर काढीन, कणगी काढणार नाही. मग तो हौदाची लांबी सांगायला लागला, काच कुठून आणायची ते सांगायला लागला. हे सगळं तो पेपरमागून ऐकत होता तर! आम्ही दोघं तिथे उभे राहून दिवेलागणीपर्यंत भांडलो. मध्येच त्याचा आवाज फाटला, पण त्याने वाद सोडला नाही.

मी हो म्हणणार आहे. शहापूरला तसा निरोपही देऊन टाकलाय की जोडी इथेच राहील. कणगी कुठे हलवायची ते मी मनात ठरवलंय. हे फक्त तुला सांगते, तुझ्या दादाला इतक्यात सांगणार नाही. अजून थोडे दिवस मी नाहीच म्हणणार. रोज चहा झाला की तो पडवीत जातो आणि तुझ्या बाजूने बोलायला लागतो, आणि मला ते ऐकायचं असतं.